एकाच बाजूचा कठडा

आमच्या गावच्या ओढ्यावर एक साकव आहे. साकव म्हणजे चालत जाण्यापुरता अरुंद पूल. समोरून ओळखीचं माणूस आलं तर अंग चोरायचं आणि अनोळखी आलं तर थांबून राहायचं, एवढाच. त्याला कठडा नव्हता. नाही हे गावाला ठाऊक होतं, गावसमितीला ठाऊक होतं, पण त्यावाचून कुणाचं अडत नव्हतं. अडलं ते माझ्या आईचं. आणि आईचं अडलं की ते माझं अडतं, हा आमच्या घरातला कायदा आहे.

झालं एवढंच, की एका संध्याकाळी आई पलीकडे निघाली असताना शेवाळावरून तिचा पाय सरकला आणि ती साकवाच्या मधोमध बसली. बसली हा तिचा शब्द. बघणाऱ्यांच्या मते ती पडली. एक चप्पल ओढ्यात गेली, पाय मुरगळला, डॉक्टरांनी पट्टा बांधून दिला आणि महिनाभर साकवाचं नाव काढायचं नाही असं बजावलं. (डॉक्टर माणसांचे. मी गुरांच्या दवाखान्यात कारकून आहे, त्यामुळे हे मला प्रत्येक वेळी सांगावं लागतं. न सांगितल्यास लोक गंभीर चेहऱ्याने विचारतात, "मग काय, पेंड बंद का?")

पलीकडे राहते मावशी, म्हणजे आईची बालमैत्रीण. तिचे गुडघे गेले आहेत आणि बिनकठड्याच्या साकवावर पाऊल ठेवणार नाही असं तिने फार पूर्वीच जाहीर केलं आहे. म्हणून रोज आईच जायची. कशाला? तर भांडायला. आई छत्रीवाली आहे आणि मावशी शिडीवाली.

हे पक्ष आहेत आमच्याकडचे. छत्री, शिडी आणि कंगवा. गावसमिती छत्रीच्या हातात आहे. शिडी विरोधात आहे. कंगवा गावात आहे. त्याहून जास्त त्याच्याबद्दल सांगता येत नाही; कंगव्याचे नेते म्हणजे आमचे निवृत्त वायरमन, आणि त्यांच्या डोक्यावर औषधालाही केस नाही. हे त्यांना कुणी ऐकवलं की ते शांतपणे म्हणतात, "मी कंगवा मागतोय तो लोकांसाठी. स्वतःसाठी मागणारे ते दोघं."

तर आई घरात बसली. पहिले दोन दिवस बरे गेले. मग तिने घरातच भांडण शोधायला सुरुवात केली. माझी बायको शिडीवाली आहे, पण ती शिवणाचा वर्ग चालवते, तिला दिवसभर वेळ नसतो आणि रात्री तोंडात टाचण्या असतात. राहिलो मी.

"समितीने यंदा रस्ता केला, तो चांगला केला की नाही?" आईने विचारलं.

"चांगलाच आहे," मी म्हणालो.

"शिडीवाले म्हणतात खडी निघाली."

"खडी निघालीये खरी."

आईने माझ्याकडे असं पाहिलं, जसं एखादी बाई बाजारातून घरी येऊन पिशवीतल्या नासक्या टोमॅटोकडे पाहते. "तुझ्याशी काय भांडायचं रे? तुला दोघांचंही पटतं. त्यापेक्षा रेडिओ बरा, तो निदान मध्ये बोलू देत नाही."

मला हे लागलं. मी कुठल्याच पक्षाचा नाही याचा मला मनातून थोडा अभिमान होता. गुरांच्या दवाखान्यात छत्रीची म्हैस येते, शिडीची गाय येते, मी दोघींनाही सारख्याच प्रेमाने रांगेत उभं करतो. हा तटस्थपणा म्हणजे एक उंची आहे, असा माझा समज होता. घरच्यांना मात्र तो खड्डा वाटत होता.

तेव्हा मी ठरवलं, की साकवाला कठडा बसवून घ्यायचा. साधा अर्ज, चार ओळींचा. यात राजकारणाचा संबंधच काय?

मी आधी गावसमितीच्या प्रमुखांकडे गेलो. प्रमुख छत्रीचे, राहायला ओढ्याच्या अलीकडे, स्वभावाने सज्जन. बोलताना ते समोरच्याच्या शर्टाचं बटण धरतात, त्यामुळे त्यांचं ऐकून घेणाऱ्यांची संख्या मोठी आहे.

"साहेब, मनातलं बोललात," प्रमुख बटण धरून म्हणाले. "कठडा हवाच. फक्त ही मागणी आधी आमची होती असं कुठेतरी यायला हवं."

मग पलीकडे गिरणीवाल्यांकडे गेलो. पिठाची गिरणी त्यांची, गावातली शिडी त्यांची, आणि मावशी ही त्यांची सख्खी आई. "कठड्याला आमचा बिनशर्त पाठिंबा," ते गिरणीच्या आवाजावरून ओरडले, "अट एकच! मागणी आमची म्हणून गेली पाहिजे!"

वायरमन म्हणाले, "माझी अट नाही. पण त्या दोघांच्या खाली मी सही करणार नाही."

सगळ्यांचा विरोध असता तर मी अर्ज फाडून टाकून सुखाने झोपलो असतो. सगळ्यांचा पाठिंबा निघाला आणि मी अडकलो. शेजारच्यांनी सल्ला दिला, तीन वेगळे अर्ज करा. पोस्टमन म्हणाला, रजिस्टरने पाठवा, बिनसहीचा. शेवटी युक्ती सुचली ती मला, आणि ती आठवून मला अजूनही बरं वाटतं. मी कागदाच्या मधोमध मागणी लिहिली आणि सह्या तिच्याभोवती गोल घ्यायच्या ठरवल्या. गोलाला पहिला नसतो, शेवटचा नसतो. तिघांनी खुशीत सह्या केल्या. प्रमुखांनी तर कागद फिरवून फिरवून पाहिला आणि प्रत्येक वेळी आपलीच सही वर येते याबद्दल समाधान व्यक्त केलं.

समितीच्या कचेरीत सचिवाने तो कागद हातात घेतला आणि मोटारीच्या चाकासारखा फिरवला.

"यात अर्जदार कोण?"

"सगळेच."

"पहिली सही कुठली?"

"पहिली नाहीच. तीच तर गंमत आहे."

"गंमत आवक-जावकला चढत नाही," सचिव म्हणाला. "सरळ अर्ज आणा."

मी घरी येऊन तोंड पाडून बसलो. आईने सगळं ऐकून घेतलं आणि हात पुढे केला. "आण इकडे कागद. पडले मी. अर्ज माझा."

पडले असं ती पहिल्यांदाच म्हणाली. त्यावरून तिला पलीकडे जायची किती ओढ लागली होती ते माझ्या लक्षात आलं आणि मी कोरा कागद शोधायला उगीच जरा वेळ लावला.

अर्ज दाखल झाला. सचिवाने गोल सह्यांचा कागदही सोबत 'नकाशा' म्हणून जोडून टाकला. समितीने तत्परतेने उत्तर दिलं: पाणीयोजनेतले उरलेले लोखंडी पाईप गोदामात पडून आहेत, वेल्डर गावातलाच आहे, काम लगेच करता येईल. मात्र पाईप एकाच बाजूला पुरतील. दुसऱ्या बाजूचं पुढे बघू. तरी बाजू कोणती, हे गावाने बैठक घेऊन कळवावं.

पुढे बघू याचा अर्थ गावात पाळण्यातल्या पोरालाही कळतो. म्हणजे जी बाजू ठरेल ती आपल्या हयातीतली.

बैठक कुठे घ्यायची? समितीच्या सभागृहात शिडीवाले येईनात, गिरणीच्या अंगणात छत्रीवाले. शेवटी गुरांच्या दवाखान्याचा व्हरांडा ठरला, कारण गुरांना पक्ष नसतो. अध्यक्षस्थान माझ्याकडे आलं, आणि मला भीती आहे, ते त्याच कारणाने आलं. वक्त्यांना उभं राहायला जागा उरली ती इंजेक्शन देताना गुरं अडकवायच्या खोड्याशेजारी. वायरमनांनी सुरुवातीलाच सूचना केली, की प्रत्येक वक्त्याने आत उभं राहून बोलावं, म्हणजे भाषण आवरतं होईल. सूचनेला टाळ्या पडल्या, अनुमोदन कुणी दिलं नाही.

प्रमुख उभे राहिले. "कठडा उजवीकडे हवा. माणूस धरतो तो उजव्या हाताने. हे निसर्गाने ठरवलंय."

गिरणीवाले ताडकन उठले. "डावीकडे! दळण घेऊन जाणारी बाई डोक्यावरचा डबा उजव्या हाताने धरते. मोकळा राहतो तो डावा. का बायकांनी ओढ्यात पडायचं?"

"उजवीकडे!"

"डावीकडे!"

वायरमन मध्येच म्हणाले, "खालच्या बाजूला. पाणी ज्या बाजूला वाहत जातं त्या बाजूला." पण ते कुणी ऐकलं नाही, कंगव्याला त्याची सवय आहे. व्हरांड्यात एक बाक उजवं झालं, एक डावं. आवाज वाढले. कुणी कुणाच्या अंगावर गेलं नाही, हे आमच्या गावाचं मी सांगतो, आमच्याकडे भांडण फार चांगलं होतं. पाणी प्यायला थांबतात, तांब्या पुढे सरकवतात आणि मग पुन्हा सुरू करतात. तरी अध्यक्ष म्हणून काहीतरी करणं मला भाग होतं. मी टेबलावर तपासणीची हातोडी आपटली.

"माझा एक मध्यम मार्ग आहे," मी म्हणालो. "कठडा डावीकडे नको, उजवीकडेही नको. मधोमध बसवू. दोन्ही बाजूंनी धरता येईल."

सगळ्यांनी मनातल्या मनात तो साकव पाहिला: अरुंद पूल, मध्ये कठडा, आणि दोन्ही बाजूंना एकेक पाऊल मावेल एवढी वाट, ओढ्याच्या अगदी कडेने.

पहिली हसली ती माझी बायको. मग सगळं गाव हसलं. छत्री आणि शिडी एकमेकांच्या खांद्यावर हात ठेवून हसली. मागे बांधलेली एक म्हैसही ओरडली, आणि तिचं आजारपण मला चांगलं ठाऊक असूनही मी ते मनाला लावून घेतलं.

"अध्यक्षमहाराज," बायको उभी राहून म्हणाली. घरात ती मला 'अहो' म्हणते. "आपल्या योजनेने निदान गावात एकी झाली, त्याबद्दल आभार. मी सुचवते, की पुढची बैठक साकवावरच घ्यावी. व्हरांड्यात बसून डावं-उजवं काय कळणार?"

ठराव एकमताने मंजूर झाला. घरी परतताना मी खाली मान घालून चाललो. रस्त्यातच ती म्हणाली, "रागावलात? अहो, तुमची ती कल्पना ऐकून आज पहिल्यांदा गिरणीवाले आणि प्रमुख एका बाकावर बसले."

"मी तोंडघशी पडलो ते?"

"पडलात खरे. पण साकवाच्या अलीकडे पडलात," ती म्हणाली आणि माझ्या हातातली पिशवी तिने घेतली. या बाईशी वीस वर्षं संसार करूनही मला तिच्यावर नीट रागावता येत नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी गाव ओढ्यावर लोटलं. आईला खुर्चीत बसवून आम्ही अलीकडच्या काठावर नेऊन ठेवलं. पलीकडच्या काठावर गिरणीवाल्यांनी मावशीला खुर्चीत आणून बसवलं होतं. दोघींनी एकमेकींना हात केला, आणि लगेच आपापल्या पक्षाकडे तोंड वळवलं.

प्रमुख अलीकडून साकवाच्या तोंडाशी उभे राहिले. गिरणीवाले पलीकडून.

"अध्यक्ष, लिहून घ्या!" प्रमुखांनी हात लांब केला. "उजवीकडे! ही बाजू!"

"डावीकडे!" पलीकडून गिरणीवाल्यांनीही हात लांब केला. "ही बाजू!"

दोन्ही हात एकाच बाजूला होते. प्रवाहाच्या वरच्या.

बराच वेळ कुणाला काही कळेना. मग मला कळलं, वायरमनांना कळलं, आणि खसखस दोन्ही काठांवर पसरत गेली. प्रमुखांनी आपल्या हाताकडे पाहिलं, समोरच्या हाताकडे पाहिलं. दोघं समोरासमोर तोंड करून राहतात. एकाचं उजवं ते दुसऱ्याचं डावं. काल त्यांनी दुपारभर घसा फोडून एकच गोष्ट मागितली होती.

दोघांच्याही चेहऱ्यावर जे भाव आले ते मी आयुष्यात विसरणार नाही. आपल्या शत्रूशी आपलं एकमत आहे, हे एवढ्या लोकांसमोर कळणं वाईटच. प्रमुख आधी सावरले. "विचारांती," ते म्हणाले, "आमच्या पक्षाचं मत खालच्या बाजूचं झालं आहे."

नेमक्या त्याच क्षणी गिरणीवाले ओरडले, "खालची! आम्ही खालची म्हणतो!"

पुन्हा एक. आता तर लोक काठावर बसून हसू लागले. आणि सगळ्यांत घाबरले ते वायरमन. खालची बाजू म्हणजे त्यांची बाजू. बिचारे सुरुवातीपासून तेच सांगत होते. आयुष्यात पहिल्यांदा सगळं गाव त्यांच्या मागे उभं होतं. ते माझ्याजवळ येऊन हळूच म्हणाले, "साहेब, एवढे लोक माझ्या बाजूने? माझंच कुठेतरी चुकतंय."

तेवढ्यात आईचा आवाज आला. "पुढाऱ्यांचं झालं असेल तर आता आम्हाला विचारा!"

आणि मग जे सुरू झालं ते मी आमच्या गावात कधी पाहिलं नव्हतं. दोन्ही नेते एकदमच बाजू बदलून बसल्यामुळे लोकांना आपापलं डोकं वापरणं भाग पडलं. लोक साकवावर जाऊन येऊ लागले. कुणी डोक्यावर रिकामा डबा घेऊन चालून पाहिलं. शाळेच्या बाई म्हणाल्या, पाणी अंगावर येतं ते वरून, त्याच्याकडे पाहून भोवळ येते, म्हणून आधार वर हवा. एका छत्रीवाल्या सुताराने एका शिडीवाल्या सुताराला समजावलं, की वरचा कठडा पुरात वाहून येणारी झुडपं अडवील आणि साकवच ओढत नेईल. शिडीवाला सुतार म्हणाला, "पाईप काय झुडपं अडवतात? पाणी आरपार जाईल." दोघं तासभर असे वाद घालत होते, की त्यांचे पक्ष कोणते ते त्यांच्याही लक्षात नव्हतं.

शेवटी मी हात वर करायला सांगितले. वरच्या बाजूसाठी पुष्कळ हात आले. त्यात आई होती, माझी बायको होती. सासू-सुनेचे हात एकाच बाजूला वर गेलेले मी प्रथमच पाहत होतो. मग खालच्या बाजूसाठी. वायरमन, सुतार, काही इकडचे, काही तिकडचे, आणि पलीकडच्या खुर्चीतून मावशीने काठीच वर केली.

"आणि तू?" आई म्हणाली.

"मी अध्यक्ष आहे."

"अध्यक्षाला हात नसतात?"

सगळे माझ्याकडे बघू लागले. खरं सांगायचं तर माझं मत ठरलेलं होतं. आईची चप्पल मी ओढ्यात शोधायला गेलो होतो. ती खालच्या अंगाला पडली होती. माणूस पाण्याच्या ओढीनेच झुकतो. पण समोर आई, बाजूला बायको, आणि जन्मभराची दोघांचंही पटण्याची सवय. मी डोळे मिटले आणि खालच्या बाजूसाठी हात वर केला.

"अरे, चप्पल खालच्या बाजूला पडली," आई म्हणाली, "पण मी वरच्या बाजूला पडले! आणि कठडा माझ्यासाठी करताय का चपलेसाठी?"

"आई, तुझं चुकतंय," मी म्हणालो.

मी हे वाक्य तिला कधी बोललो नव्हतो. आईने माझ्याकडे बघितलं आणि तिचा चेहरा असा उजळला, की मला वाटलं, आता हिला उठून चालता येईल. "बस इथे," ती शेजारचा दगड दाखवून म्हणाली. "काय चुकतंय ते सांग."

वरची बाजू जिंकली. मी हरलो. हरणाऱ्या बाजूला आधी कधी उभाच राहिलो नसल्यामुळे मला अनुभव नव्हता, पण वायरमन माझ्याशेजारी येऊन उभे राहिले आणि म्हणाले, "सवय होते." त्यांनी खिशातून सुपारी काढून मला अर्धी दिली.

कठडा बसवायच्या दिवशी मला वाटलं होतं, हरलेले फिरकणार नाहीत. उलट तेच आधी आले. खालची बाजू मागणारा सुतार वेल्डरला पाईप धरून देत होता आणि सारखा सांगत होता, "चुकीच्या बाजूला बसवतोयस, पण सरळ बसव." प्रमुखांनी एक टोक उचललं होतं, गिरणीवाल्यांनी दुसरं. रंग कुठला द्यायचा हा प्रश्न कुणीतरी काढला, तेव्हा वेल्डर तोंडावरची काच वर करून म्हणाला, "रंग नाही मिळणार. गंज लागू नये म्हणून जे लावतात ते लावलंय."

आईचा पट्टा निघाला त्या दिवशी संध्याकाळी ती नवी चप्पल घालून निघाली. मी, बायको, प्रमुख, वायरमन असे आम्ही सगळे अलीकडे उभे. आईने कठड्यावर हात ठेवला आणि चालू लागली. आणि अर्ध्यावर थांबली.

समोरून मावशी येत होती. कित्येक वर्षांत साकवावर पाऊल न ठेवलेली मावशी दोन्ही हातांनी कठडा धरून, काठी काखेत मारून, एकेक पाऊल टाकत येत होती. तिच्यामागे गिरणीवाले, हात पसरून, जणू एखादं भांडं पडणार आहे.

मधोमध दोघी समोरासमोर आल्या. कठडा एक. दोघींचे हात त्यावर.

"सोड," मावशी म्हणाली. "मला जायचंय."

"तू सोड. मी नुकती बरी झालेय."

"मी बरी होणारच नाहीये, तू सोड."

"बरं झालं ना वरच्या बाजूला बसवला? आता बघ कशी आलीस."

"खालच्या बाजूला असता तर कधीच आले असते!"

दोन्ही काठांवर आम्ही बघत उभे. शेवटी आईने कठडा सोडला, मावशीचा दंड धरला, मावशीने तिची कंबर धरली, आणि दोघी एकमेकींना घट्ट धरून, पुटपुटत, पावलं मोजत अर्धा फेरा फिरल्या. आई पलीकडच्या अंगाला गेली, मावशी अलीकडच्या. दोघींनी पुन्हा कठडा धरला, दोन पावलं टाकली, आणि एकदमच थांबल्या.

"अगं," आई वळून म्हणाली, "मी तुझ्याकडेच निघाले होते."

"मग मी कुणाकडे निघाले होते?"

आधी मावशी हसली. तिला हसताना कठडा धरवेना म्हणून ती त्यावर रेलली, आणि आई तिच्यावर रेलली. इतक्या लांबून नीट दिसत नव्हतं, पण आई डोळे पुसत होती असं मला वाटलं. बायकोने माझी बाही धरली होती.

"साहेब," दोघींच्या मागून गिरणीवाले ओरडले, "कुणाच्या घरी जायचं, त्यावर मतदान घ्यायचं का?"

"आधी चहा!" आई साकवावरूनच म्हणाली. "तुझी आई एवढ्या वर्षांनी आलीये. माझ्याकडे."

आणि दोघी आमच्या घराच्या दिशेने चालू लागल्या. मावशी पुढे, आई मागे, आणि समितीने रस्ता चांगला केला की नाही, यावर सुरुवातसुद्धा झाली होती.